दाराबाहेरचं पांढरं

९ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या मुलाच्या मित्राने कॅमेरा आणून दिला त्याला महिना उलटून गेला. रोज म्हणायचो, आज लिहू. मग वाटायचं, आधी फोटो काढू, मग लिहू. मग वाटायचं, कॅमेरा माझ्या हातून पडला तर? भावोजींनी जन्मभर जपलेली वस्तू. म्हणून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आणि जागेवर आहे ना ते येता-जाता बघत बसलो.

तू लिहिलंस, "तुझी नवी जागा मी पाहिलेली नाही. फोटो काढून पाठव, म्हणजे तिथे येऊन राहणं मला जमेल का ते बघते." हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तू मुलाच्या मोठ्या घरात राहणारी. इथे काय आहे? एक खोली, एक स्वयंपाकाची जागा आणि मी. ही गेल्यावर मोठी जागा सोडली, कारण एकट्याला ती खायला उठायची. आता ही लहान जागाही खायला उठते, पण निदान लहान घास घेते.

अखेर परवा हिय्या केला आणि सगळा रोल संपवला. खोली दारातून घेतली आहे. भिंतीला ओल आहे ती नीट दिसावी म्हणून तिचा वेगळा फोटो आहे. नळ गळतो, त्याचाही आहे. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, पण स्वतःच्या नळाला मुहूर्त मिळत नाही. मोरीच्या झाकणाचा फोटो जरा हलला आहे.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने प्रिंट हातात देताना विचारलं, "काका, हे फोटो आहेत की पंचनामा?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला दाखवायचे आहेत." तो म्हणाला, "मग ती येत नाही."

हे त्याने गमतीने म्हटलं, पण माझ्या जिवाला घोर लागला. तुझं काय मत ते कळव.

तुझा भाऊ

---

२० जानेवारी

चि. घाबऱ्यास अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. तुझा स्टुडिओवाला फार मऊ बोलतो. मी त्याच्या जागी असते तर तुला दुकानात उभं केलं नसतं.

अरे, खुर्ची मधोमध आणि चारी बाजूंनी सामान! बिचारीला शिक्षा करून वर्गाच्या मध्ये उभी केल्यासारखी दिसते. एका फोटोत तर छत्री, बादली, केरसुणी, गॅसची शेगडी आणि तुझा वाळत घातलेला पायजमा. यातलं मी बघायचं काय? पायजमा? तो मी ओळखला. माझ्या मुलाच्या लग्नातला आहे.

आता नीट ऐक. तुझ्या भावोजींनी मला शिकवलं तेच सांगते. त्यांच्या स्टुडिओत प्रिंटवर ब्रश फिरवण्यात माझी उमर गेली, तेव्हा हे पुस्तकातलं नाही.

एका फोटोत एकच गोष्ट सांग. कॅमेऱ्याच्या त्या लहान खिडकीतून बघशील तेव्हा समज की तिच्यात दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या आहेत. तुझी खुर्ची मधल्या घरात बसवू नकोस. रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे कुठेतरी बसव. बाकीची जागा मोकळी राहू दे. मोकळ्या जागेची भीती बाळगू नकोस, तिच्यामुळेच खुर्चीला खुर्चीपण येतं. उजेड पाठीमागून घेऊ नकोस, बाजूने घे. आणि पुढे जा! लाजल्यासारखा भिंतीला पाठ लावून उभा राहतोस. दोन पावलं पुढे गेलास की अर्धा पसारा आपसूक बाहेर पडतो.

शिवाय दार आहे ना तुझ्याकडे? आत उभा राहा आणि दाराच्या चौकटीतून बाहेर बघ. चौकटीत चौकट आली की बघणाऱ्याची नजर हात धरल्यासारखी आत-बाहेर जाते.

बटण दाबायच्या आधी चारही कडांवरून नजर फिरव. काय घ्यायचं ते कुणालाही कळतं. काय सोडायचं ते कळलं की तो फोटोग्राफर.

पुढचा रोल पाठव. आणि नळ दुरुस्त कर.

तुझी ताई

---

१४ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र समोर ठेवून फोटो काढले. सकाळभर तोच उद्योग. आधी खुर्ची डावीकडे सरकवली, मग उजवीकडे, मग माझाच पाय तिला लागला. शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्या डोकावून म्हणाल्या, "आजोबा, घर बदलताय का?" मी म्हटलं, "नाही, खुर्चीला जागा दाखवतोय." त्या मान हलवत परत गेल्या. आता मला हेही लागून राहिलं आहे की त्या माझ्याबद्दल काय समजल्या असतील.

पण ताई, तू सांगितलंस ते खरं निघालं. दोन पावलं पुढे गेलो आणि भिंतीची ओल दिसेनाशी झाली! मी तिथेच उभा राहून मागे-पुढे करून पाहिलं. मागे गेलं की ओल आहे, पुढे गेलं की नाही. एवढी साधी गोष्ट मला आजवर कळली नव्हती.

खिडकीचा फोटो बघ. बाजूचा उजेड टेबलावर पडला आहे. ऊन तिथे थोडाच वेळ येतं, म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवून त्याची वाट बघत बसलो होतो. आणि दाराचा बघ. चौकटीत चौकट, एका कडेला खुर्ची. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, घर भाड्याने द्यायचंय का लग्नाला उभं करायचंय?" मग त्याने तो फोटो दोनदा हातात घेऊन पाहिला. मोठ्या आकारात करून देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, उगाच लोक विचारतील.

नळ दुरुस्त केला आहे. तसं खोटं मी लिहिणार नाही.

तुझा भाऊ

---

२३ फेब्रुवारी

चि. घाबऱ्यास अनेक आशीर्वाद.

हे तू काढलेस? खरं सांग, स्टुडिओवाल्याला घरी बोलावलं होतंस का?

दाराचा फोटो मी उशाशी घेऊन झोपते. सुनेला दाखवला, नातीला दाखवला, शेजारच्या मास्तरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "तुमचे भाऊ कलाकार आहेत." मी म्हटलं, "नळवाला आहे, पण शिकवलं कोणी?" खुर्ची कशी नेमक्या जागी बसली आहे! तिच्यामुळे दाराला भार आला. आणि दाराबाहेरचं ते पांढरंशुभ्र. आतल्या अंधारातून नजर थेट उजेडात जाते. चांगलं मोकळं अंगण असणार बाहेर. उंबरठा ओलांडला की उन्हात. माझे गुडघे आता कुरकुरतात रे, फार काही नाही, पण उंबरठ्यालगत अंगण म्हटल्यावर मला निम्मं बरं वाटलं. तिथे सकाळी खुर्ची टाकून बसता येईल.

तेव्हा ठरलं. मी येते. मुलाला सांगितलं, त्याने लगेच हो म्हटलं. माझी जागा नातीच्या अभ्यासाला दिली. मार्च संपायच्या आत मुलगा आणून सोडेल. इथे मला काही कमी नाही, पण तू तिथे एकटा, वेळेवर जेवत नाहीस, तुझ्याकडे कोणी बघायला हवं. तुझ्यासाठीच येते आहे असं समज.

तुझी ताई

---

५ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. आनंद झाला. मात्र इथे मार्चमध्ये फार उकडायला लागतं. पत्रा तापतो. शिवाय पाण्याची वेळ बदलली आहे. तू जरा थांबून आलीस तर बरं पडेल असं वाटतं. पावसाळ्यानंतर? तेव्हा हवा चांगली असते. पण पावसाळ्यानंतरही काही सांगता येत नाही. तब्येतीला जप. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा भाऊ

---

१३ मार्च

चि. भावास आशीर्वाद.

नको असेन तर तसं सांग. उकाड्याच्या गोष्टी मला सांगू नकोस.

ताई

---

१७ मार्च

ताई,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं तेव्हापासून ते खिशात घेऊन फिरतो आहे. तू मला भाऊ म्हटलंस, घाबऱ्या म्हटलं नाहीस. लहानपणी मी विहिरीच्या कठड्यावर चढलो होतो तेव्हासुद्धा तू घाबऱ्याच म्हटलं होतंस.

या पाकिटात एकच फोटो आहे. तो आधी बघ, मग पुढे वाच.

हा माझा जिना. मी पहिल्या मजल्यावर राहतो. जिना बाहेरच्या बाजूने आहे, लोखंडी, उभाच्या उभा, आणि एकाच अंगाला कठडा आहे. पाय ठेवला की तो थोडा वाजतो. मला सवय झाली आहे. दुसऱ्या कोणालाही खालून हाक मारायला लागते, म्हणून माझ्याकडे फारसं कोणी येत नाही.

पहिल्या रोलमध्येही जिन्याचा फोटो होता. पाकीट बंद करताना मी तो काढून घेतला. म्हटलं, आधी बाकीचं घर तर आवडू दे. मग तू शिकवलंस आणि मला ते फार चांगलं जमायला लागलं. दाराच्या फोटोत कठड्याचा लोखंडी बार दिसत होता. तो लपावा म्हणून मी खुर्ची त्याच्यापुढे ओढली. रेघांचा विचार केला नव्हता. रेघांवर ती आपोआप बसली. बाहेर अंगण नाही. समोर धुलाईच्या कारखान्याची भिंत आहे, तिच्यावर ऊन पडलं होतं. आत अंधार, म्हणून कॅमेरा अंधाराला धरून लावला होता. त्यामुळे बाहेरचं सगळं पांढरं झालं.

तू अंगण लिहिलंस तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पत्र लिहायला बसलो आणि वाचत राहिलो, "सकाळी खुर्ची टाकून बसता येईल." ते मला खोडवेना.

तुला नको म्हणतोय असं समजू नकोस. तुझी जागा नातीला दिलीस हे वाचूनच मी घाबरलो. माझ्यामुळे तू ना तिथली ना इथली होऊ नयेस. मुलाला सांग, भावाने फसवलं. माझं नाव खुशाल घे.

घाबऱ्या

---

२५ मार्च

चि. घाबऱ्या,

तुझा जिना पाहिला. तुझा मुलाहिजा न ठेवता सांगते, मला तो चढता येणार नाही. गुडघे कुरकुरतात असं मी लिहिलं होतं. ते कुरकुरत नाहीत, बसलेच आहेत. इथल्या पायरीवरही सुनेचा खांदा लागतो.

पत्र आलं त्या दिवशी तुझा एवढा राग आला की उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. मग दाराचा फोटो काढला आणि तुझ्या भावोजींच्या भिंगातून पाहिला. पांढरं म्हणजे नुसतं पांढरं. त्यात काही नाही. भिंतही नाही आणि अंगणही नाही. अरे, गिऱ्हाइकं यायची, "बाई, नवरीच्या चेहऱ्यावर उजेड जास्त पडलाय, तेवढं नाक-डोळे नीट करा." मी त्यांना सांगायची, "जिथे उजेडाने जळून गेलंय तिथे नेगेटिव्हमध्ये काहीच नसतं. मी डोळे काढीन, पण ते तुमच्या मुलीचे नसतील." हे मी किती जणांना ऐकवलं असेल! आणि स्वतः त्या पांढऱ्यात अंगण काढून बसले. खुर्ची टाकली, ऊन घेतलं. तू फक्त बार लपवलास. बाकीचं माझं.

का काढलं तेही ऐक. मुलाच्या घरी मला काही कमी नाही असं लिहिलं होतं. मुलगा वाईट नाही, सूनही नाही. पण त्यांचं काम आता दुसरीकडे गेलं, घर बदलायचं आहे, नवं घर याच्या निम्मं आहे. रोज जेवताना बोलणी चालतात. कपाट कुठे, नातीचं टेबल कुठे, धुण्याचं मशीन कुठे. आई कुठे, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. एक दिवस तोंडातून निघून गेलं, "माझा भाऊ बोलावतोय." सगळ्यांचे चेहरे असे सुटले की मला हसू आलं. त्यानंतर तुझे फोटो आले. मी त्यांना नाही, स्वतःलाच दाखवत होते.

तू कुठे बोलावलं होतंस? मीच विचारलं, बघते जमेल का म्हणून. तुझ्यासाठी येते असंही लिहिलं. तेव्हा सगळा दोष एकट्यावर घेऊ नकोस, आणि तुझं नाव मी कुणाला सांगणार नाही.

नवं घर एप्रिलच्या शेवटी ताब्यात येतं. काहीतरी होईल. खिडकीखाली बाजलं बसेल असं सून परवा म्हणाली, पण तिने माप घेतलं नाही.

आणि जिन्याचा तो फोटो. तिरका आलाय, वरचा भाग कापलाय, पायरीवर तुझी चप्पल पडली आहे. त्यात मला मी खाली उभी दिसले. तुझे भावोजी असते तर म्हणाले असते, हा ठेव.

ताई

---

२ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र परवा आलं. त्यानंतर मी घरी कमीच होतो.

मी लोकांच्या घरी पाइप जोडत फिरलो आहे, त्यामुळे कोणाची कुठे खोली रिकामी आहे ते मला कळतं. पण मागायला तोंड उघडत नाही. या वेळी उघडलं. दोघांनी नाही म्हटलं. तिसरा एका छापखान्याचा मालक. त्याची टाकी मी एकदा बसवून दिली होती. छापखान्याच्या मागे त्याच्या दोन लहान खोल्या आहेत, आतापर्यंत कागद ठेवायला वापरत होता. तो म्हणाला, "कोण राहणार?" मी म्हटलं, "मी आणि माझी बहीण." तो म्हणाला, "बहिणीला आवाज सोसेल का? दिवसभर मशीन चालतं." मी म्हटलं, "ती माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते." माफ कर, त्या वेळी तेच सुचलं.

जागा तळमजल्यावर आहे. रस्त्यापासून आतपर्यंत एकही पायरी नाही. मी दोनदा चालून पाहिलं आणि एकदा डोळे मिटून. मालक म्हणाला, "हे काय करताय?" मी म्हटलं, "तपासतोय."

फोटो पाठवतो आहे. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभा राहून घेतले आहेत. काहीच हलवलं नाही. कागदाचे गठ्ठे दिसतात ते जाणार आहेत, पण वास राहील. शाईचाही वास येतो. एका भिंतीला ओल आहे. ती फोटोत चांगली आली आहे, मुद्दाम मागे सरकून घेतली. संडास बाहेर आहे, तिथपर्यंत फरशी आहे, तिचाही फोटो आहे. अंगण नाही. दाराबाहेर छापखान्याची भिंत आणि त्यांच्या सायकली. खिडकी एक आहे. तिच्यातून उजेड येतो, पण किती वेळ ते मला अजून माहीत नाही. एका फोटोत माझं बोट आलं आहे, तेही तसंच राहू दिलं. स्टुडिओवाल्याने हे प्रिंट देताना काही विनोद केला नाही. फक्त विचारलं, "येणार का त्या?"

ते मी त्याला कसं सांगणार? म्हणून तुलाच विचारतो.

तुझ्यावर मी उपकार करतो आहे असं मनात आणू नकोस. खरी गोष्ट अशी आहे की संध्याकाळी काम उरकलं की मला बोलायला कोणी नाही. मी रेडिओशी बोलतो. त्याचं म्हणणं मला पटत नाही आणि माझं त्याला ऐकू जात नाही. तू आलीस तर रोज भांडण होईल हे मला ठाऊक आहे. तेच मला हवं आहे. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, म्हणजे मला खुर्ची ओढावी लागली नसती.

पण सून बाजल्याचं माप घेत असेल आणि तुला तिथेच नातीजवळ राहावंसं वाटत असेल, तर तसं सांग. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन. नाइलाज म्हणून येऊ नकोस.

मालक पुढच्या शनिवारपर्यंत थांबणार आहे. त्यानंतर तो खोल्या दुसऱ्याला देईल. आज पत्र टाकलं की तुला कधी मिळेल, तू कधी लिहिशील, ते इथे कधी पोचेल, याचा हिशेब करून माझं डोकं उठलं आहे. म्हणून मी स्टुडिओवाल्याच्या दुकानाचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. तिथे फोन करून नुसतं हो किंवा नाही एवढं सांग. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, तो मला ओरडून सांगेल.

फोटो नीट बघ. भिंगातून बघ. पण ते कसे आलेत ते मला सांगू नकोस. तिथे तुला राहता येईल का, एवढंच सांग.

मी दुकानातच बसून राहणार आहे. लवकर कळव.

तुझा घाबऱ्या